राजाची सदसद्विवेकबुद्धी

इसवी सन १२४७ मध्ये फ्रान्सचा राजा नववा लुई क्रूसयुद्धाच्या तयारीत होता. जहाजे ठरविणे, धान्य साठविणे, पैसा उभा करणे अशी गडबड चालली होती. अशा वेळी राजाची माणसे गावात आली म्हणजे लोक घरातील किडूकमिडूक लपवितात, कारण आलेला माणूस काही तरी नेण्यासाठीच आलेला असतो. परंतु त्या वर्षी लुईने जी माणसे प्रांतोप्रांती धाडली ती निराळ्या कामासाठी होती. त्यांत बहुतेक फ्रान्सिस्कन व डॉमिनिकन पंथांचे संन्यासी होते, आणि त्यांनी लोकांस एवढेच विचारावयाचे होते की, राजाच्या नावाने, राजाच्या अंमलदारांनी तुमचे काही अन्यायाने घेतले आहे काय?

लोक आले. कोणाचे जनावर ओढून नेलेले, कोणास नाहक दंड झालेला, कोणाची जमीन दाबलेली, तर कोणास लाच दिल्यावाचून तुरुंगातून सुटका न मिळालेली. या तक्रारी लिहून घेण्यात आल्या. त्यांतील कित्येक कागद आजही शाबूत असून इतिहासकार ते वाचतात. जेथे अन्याय सिद्ध झाला तेथे भरपाई देण्यात आली. देवाच्या कामासाठी दूरदेशी जाण्यापूर्वी हात स्वच्छ असावेत, एवढाच राजाचा हेतू होता.

शास्त्र जाणणाऱ्या वाचकांस येथे वृद्ध शमुवेलाची आठवण होईल. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात तो सर्व इस्राएलांपुढे उभा राहतो आणि मी कोणाचा बैल घेतला, कोणाचे गाढव घेतले, कोणास नाडले, ते सांगा म्हणतो. शमुवेलाने स्वतःविषयी विचारले. लुईने तर आपल्यास ठाऊक नसलेल्या, आपल्या नोकरांनी केलेल्या पापांचीही जबाबदारी आपल्या माथी घेतली. जक्कयाने चौपट परत करतो म्हटले तेव्हा निदान आपण कोणाकडून काय घेतले हे त्याला माहीत तरी होते!

आपल्या मंडळ्यांत संतांस विनंती करण्याची रीत नाही. आठव्या बोनिफेस पोपने १२९७ साली लुईस संतपदी बसविले, ते आपल्यास बंधनकारक नाही. तरी आम्ही या राजाविषयी लिहीत आहो, कारण त्याच्या चरित्रात एक प्रश्न असा काही उघड होऊन बसला आहे की तो टाळून पुढे जाता येत नाही. मनुष्य आपल्या सदसद्विवेकबुद्धीला मनोभावे अनुसरून वागला, तर तेवढ्याने तो निर्दोष ठरतो काय? आपल्या सभांत आपण हे वाक्य वारंवार ऐकतो, ‘माझे मन मला खात नाही.’ लुईचे मन त्याला क्षुल्लक गोष्टीसाठीही खात असे. म्हणूनच त्याचे उदाहरण घ्यावे.

लुईचा जन्म १२१४ चा. बाप वारला तेव्हा तो अवघा बारा वर्षांचा होता. आई ब्लांश हिने राज्य सांभाळले आणि मुलालाही सांभाळले. मुलाच्या हातून प्राणघातक पाप होण्यापेक्षा तो मेलेला मला चालेल, असे ती म्हणे. आजच्या आईस हे बोल कठोर वाटतील. परंतु मुलाने ते कधी विसरले नाहीत. त्याच्याविषयी आपल्यास जे उत्तम कळते ते ज्वांव्हिल नावाच्या एका सरदाराकडून. हा त्याच्याबरोबर युद्धावर गेला, त्याच्याबरोबर कैदेत पडला, आणि म्हातारपणी, १३०९ साली, त्याने राजाच्या आठवणींचे पुस्तक पुरे केले. ज्वांव्हिल मोठा गोड माणूस आहे. स्वतःस तो मुळीच संत करीत नाही. एकदा राजाने त्याला विचारले की, तुला काय पत्करेल, कुष्ठरोगी होणे की प्राणघातक पाप करणे? ज्वांव्हिलने सांगून टाकले की कुष्ठरोगी होण्यापेक्षा मी तीस पापे करीन! दुसऱ्या दिवशी राजाने त्याला जवळ बसवून समजाविले की, शरीराचा रोग मरणाबरोबर संपतो, पापाचे तसे खात्रीने सांगता येत नाही. पुन्हा एकदा राजाने विचारले, पवित्र गुरुवारी तू गरिबांचे पाय धुतोस काय? ज्वांव्हिल म्हणाला, त्या गावंढळांचे पाय मी कधीच धुणार नाही. राजा स्वतः धूत असे. र्वायोमाँ येथील मठात एक संन्यासी कुष्ठरोगाने इतका झडला होता की त्याच्याजवळ कोणी जाईना. त्याच्यापुढे गुडघे टेकून राजा त्याला आपल्या हाताने घास भरवीत असे. कुष्ठरोग्यांच्या इस्पितळांत सेवा केलेली माणसे आपल्या मंडळ्यांत आहेत. हे काम दिखाव्यासाठी होत नाही, हे ती जाणतात.

१२५० साली मिसर देशात त्याच्या सैन्याचा धुव्वा उडाला. मन्सूरा येथे त्याचा भाऊ पडला, छावणीत रोगराई माजली, आणि एप्रिल महिन्यात राजा शत्रूच्या हाती सापडला. सुटकेसाठी चार लक्ष लिव्र ठरले. लिव्र म्हणजे त्या काळचे फ्रेंच चलन. निम्मी रक्कम तेथेच मोजून द्यावयाची होती. पैसे तोलून देताना एका सरदाराने सहज सांगितले की, आम्ही तोलात दहा हजार लिव्र मारले. राजा संतापला. ज्वांव्हिलने पायावर पाय देऊन त्या सरदारास गप्प करण्याचा प्रयत्न केला व ही थट्टा आहे म्हणून सावरून घेतले, पण राजा ऐकेना. कमी पडले असेल तर पुरते चुकते करा, असा हुकूम झाला. ज्यांनी त्याला कैद केले होते, ज्यांस तो देवाचे वैरी समजत होता, त्यांच्याशीही खोटे माप चालणार नाही!

घरी परतल्यावर, १२५४ साली, त्याने अंमलदारांसाठी कडक नियम केले. भेटी घ्यावयाच्या नाहीत, अंमल असलेल्या प्रांतात जमीन घ्यावयाची नाही, मुलाबाळांची लग्ने तेथे लावावयाची नाहीत, आणि जागा सोडल्यावर काही दिवस तेथेच राहून तक्रारींस उत्तर द्यावयाचे. ज्यांनी कचेऱ्यांचे उंबरठे झिजविले आहेत त्या आमच्या वाचकांस या शेवटच्या नियमाची किंमत सांगावयास नको. पुढे १२५९ मध्ये त्याने इंग्लंडच्या राजाशी तह करून काही मुलूख सोडला. सल्लागार कुरकुरले, तेव्हा त्याने सांगितले की आमच्या दोघांच्या राण्या बहिणी आहेत, आमची मुले मावसभावंडे आहेत, त्यांच्यांत प्रीती राहावी. त्याच सुमारास कूसी येथील एका बड्या जहागीरदाराने आपल्या रानात धनुष्यबाण घेऊन शिरलेल्या तीन पोरांस चौकशीवाचून फाशी दिले. राजाने त्याला धरून आणविले. सारा सरदारवर्ग त्याच्या बाजूस असताही द्वंद्वयुद्धाने निवाडा करण्याची त्याची मागणी मान्य केली नाही, आणि त्याला जबर दंड केला.

असो. अशा गोष्टी सांगू तितक्या थोड्या आहेत, आणि रविवारच्या शाळेत मुलांस सांगण्याजोग्या आहेत. परंतु आता जे सांगावयाचे आहे तेही त्याच मनुष्याने केले.

१२३९ मध्ये नवव्या ग्रेगरी पोपने अनेक राजांस पत्रे धाडली की, यहूदी लोकांच्या तालमूद या ग्रंथांची चौकशी करावी. तालमूद म्हणजे नियमशास्त्राच्या अर्थाविषयी त्यांच्या गुरुजनांनी शतकानुशतके केलेल्या चर्चांचा मोठा संग्रह. यहूदी मनुष्याने जेवावे कसे, व्यवहार करावा कसा, शब्बाथ पाळावा कसा, हे सर्व त्यांत आहे. बाकीच्या राजांनी पत्र वाचून बाजूस ठेवले. लुईचे मन मात्र तसे नव्हते. १२४० च्या मार्च महिन्यात, एका शब्बाथाच्या सकाळी, लोक सभास्थानांत प्रार्थना करीत असता राजाच्या माणसांनी त्यांचे ग्रंथ उचलून नेले. आपल्या कोकणात बेने इस्राएल लोक शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवीत, म्हणून शेजारी त्यांस शनवार तेली म्हणत, आणि त्यापलीकडे त्यांच्या शब्बाथाच्या वाटेस कोणी गेले नाही. पॅरिसमध्ये तो दिवस मुद्दाम निवडला गेला. मग राजवाड्यात वाद झाला. यहूद्यांचा गुरू येहिएल यास आरोपीसारखे उभे करून उत्तरे द्यावयास लाविले. निकाल काय लागणार हे ठरल्यासारखेच होते. १२४२ साली पॅरिसच्या चौकात चोवीस गाड्या भरून ग्रंथ जाळण्यात आले.

तेव्हा छापखाने नव्हते. एकेक ग्रंथ कातड्याच्या पानांवर हाताने लिहिलेला होता, आणि एका प्रतीमागे कोणाची तरी वर्षे गेली होती. रोथेनबुर्गचा मेईर नावाचा तरुण विद्यार्थी त्या वेळी तेथे होता. त्याने रचलेले विलापगीत यहूदी लोक आजही मंदिराच्या नाशाच्या स्मरणार्थ पाळावयाच्या उपासाच्या दिवशी म्हणतात. मध्ययुगातील बाबेलच्या तालमूदाची जवळजवळ पूर्ण अशी एकच हस्तलिखित प्रत आज शिल्लक आहे. ती १३४२ सालची असून म्यूनिक येथे आहे. यावरून नाश किती झाला याची कल्पना करावी, जरी तो सगळा एका लुईच्याच हातून झालेला नाही.

ज्वांव्हिलच्या पुस्तकात आणखी एक गोष्ट आहे. एका मठात यहूदी व ख्रिस्ती यांचा वाद चालला असता एका म्हाताऱ्या सरदाराने यहूदी गुरूच्या डोक्यात कुबडी हाणली. ही गोष्ट राजाने मोठ्या कौतुकाने सांगितली, आणि वर म्हणाला की, वाद विद्वानांनी करावा, साध्या ख्रिस्ती मनुष्याने विश्वासाची निंदा ऐकली तर तरवार जाईल तितकी पोटात खुपसावी. कुष्ठरोग्याच्या तोंडात घास देणारा तो हाच!

पुढे १२६९ मध्ये, दुसऱ्या स्वारीपूर्वी, यहूद्यांनी छातीवर व पाठीवर लाल कापडाचे वर्तुळ लावून हिंडावे असा हुकूम त्याने काढला. आणि एक बारीकशी गोष्ट आहे, ती आम्हांस या सर्वांहून बोलकी वाटते. यहूदी सावकारांची मालमत्ता राजाने जप्त केली होती. सावकारी हाच धंदा त्यांतील पुष्कळांस का करावा लागे, तर जमीन व कारागिरीची दारे त्यांस बहुधा बंद होती. काही वर्षांनी राजाचे मन त्याला टोचू लागले. आपल्या तिजोरीत व्याजाचा पैसा पडून आहे, आणि व्याज तर पाप! म्हणून त्याने माणसे नेमली की, हा पैसा ज्या ख्रिस्ती ऋणकोंकडून यहूद्यांनी घेतला होता त्यांस परत करावा. पाहा, सदसद्विवेकबुद्धी जागी आहे, रात्री झोप लागू देत नाही, पै पैचा हिशेब मागते. फक्त ज्याच्या घरातून पैसा उचलून आणला, त्या मनुष्याचे तोंड तिला दिसत नाही.

कोणी म्हणेल, तो काळच तसा होता. हे उत्तर आपण फार लवकर देतो. त्याच १२४७ साली, म्हणजे लुईची माणसे गावोगाव तक्रारी ऐकत होती त्याच वर्षी, यहूद्यांनी नवे पोप चौथे इनोसंट यांच्याकडे दाद मागितली की, तालमूदावाचून आम्हांस आमच्या शास्त्राप्रमाणे चालताच येत नाही. पोपने ते ऐकून घेतले, आणि ग्रंथ तपासून, जे विश्वासास बाधक नाहीत ते परत द्यावेत असे पॅरिसमधील आपल्या प्रतिनिधीस कळविले. प्रतिनिधीने मानले नाही. दुसऱ्या वर्षी पॅरिसच्या पंडितांकडून पुन्हा एकदा निषेध वदवून घेण्यात आला. म्हणजे दुसरा आवाज त्या काळातही होता, आणि तो थेट रोमपर्यंत पोहोचला होता. पॅरिसच्या राजवाड्यास तो ऐकू गेला नसेल तर त्याचे कारण काळ हे नव्हे.

लुईच्याच काळात पॅरिसमध्ये शिकविणारा थॉमस अक्विनास याने या प्रश्नाचा बारकाईने विचार केला आहे. त्याचे म्हणणे असे की, बुद्धी चुकत असली तरी तिच्याविरुद्ध जाणे पाप आहे, कारण मनुष्य जे वाईट समजतो ते तो जाणूनबुजून करतो. परंतु तिच्याप्रमाणे चालल्याने तो दर वेळी सुटतो असेही नाही. जे त्याला कळावयास हवे होते, कळणे शक्य होते, ते त्याने कळून घेतले नसेल तर दोष त्याच्याकडेच राहतो. आम्ही अक्विनासचे शिष्य नाही, परंतु येथे तो पौलाच्या पाठोपाठच चालला आहे. पौल करिंथकरांस लिहितो की, माझे मन मला दोष देत नाही, पण तेवढ्याने मी नीतिमान ठरत नाही, माझा न्याय करणारा प्रभू आहे. हे लिहिणारा मनुष्य एके काळी अगदी शुद्ध मनाने विश्वासणाऱ्यांस बांधून नेत होता. नासोरी येशूच्या नावाविरुद्ध पुष्कळ काही करणे आपले कर्तव्य आहे असे त्याला प्रामाणिकपणे वाटत होते. आणि शिष्यांस जिवे मारणारे आपण देवाची सेवा करीत आहो असे समजतील, हे प्रभूने योहानाच्या शुभवर्तमानात आधीच सांगून ठेविले आहे.

मग लुईच्या बुद्धीचे कोठे चुकले? आमच्या मते ते त्या १२४७ च्या प्रश्नातच दिसते, त्याच्या सर्वांत चांगल्या कृत्यात. त्याने विचारले, माझ्या अंमलदारांनी माझ्या मर्जीविरुद्ध तुमचे काय घेतले? हा प्रश्न फार थोड्या राजांनी विचारला आहे, आणि त्यासाठी त्याला मान द्यावाच लागेल. परंतु या प्रश्नाच्या जाळ्यात हुकूम मोडणारा सापडतो, खुद्द हुकूम सापडत नाही. शिपायाने लाच खाल्ली, ते उघडकीस येते. राजाने देवाच्या नावाने ग्रंथ जाळविले, ते कोणत्या तक्रारवहीत लिहावयाचे? आपल्या मनाची तपासणी आपण बहुधा अशीच करतो. ठरविलेल्या वाटेवरून पाय कोठे घसरला ते रोज रात्री मोजतो. वाट कोणी ठरविली, तिच्यावर कोण तुडविला जात आहे, हे विचारण्याची पाळी येत नाही. आणि मनुष्य जितका भक्तिमान तितकी ही चूक त्याच्या हातून अधिक ठामपणे होते, कारण आळशी मनुष्य पोपचे पत्र बाजूस ठेवून देतो.

हे रोमन कॅथलिकांचे झाले, म्हणून कोणी सुटकेचा श्वास टाकू नये. १५४३ साली मार्टिन ल्यूथरने यहूद्यांविरुद्ध एक पुस्तक लिहिले. त्यांची सभास्थाने जाळा, घरे पाडा, तालमूद व प्रार्थनेची पुस्तके काढून घ्या, असा सल्ला त्यांत राज्यकर्त्यांस दिला आहे. सम्राटापुढे उभे राहून माझी सदसद्विवेकबुद्धी देवाच्या वचनाने बांधलेली आहे असे ज्याने सांगितले, तोच हा ल्यूथर. दहा वर्षांनी जिनीव्हात सर्व्हेटस जाळला गेला तेव्हा कॅल्व्हिनचेही मन त्याला खात नव्हते.

रविवारच्या शाळेतील एका शिक्षकांनी आम्हांस विचारले होते की, अशा मनुष्याची गोष्ट मुलांपुढे सांगावी की नाही? आमचे मत, सांगावी, आणि दोन्ही भाग एकाच दिवशी सांगावे. तोलात मारलेले दहा हजार लिव्र परत देणारा राजा आणि चोवीस गाड्या पेटवून देणारा राजा. मुले विचारतील, मग तो चांगला की वाईट? विचारू द्यावे. दावीदाविषयीही ती असेच विचारतात. दावीदाचे डोळे त्याच्या स्वतःच्या मनाने उघडले नाहीत, त्यासाठी नाथानास चालून यावे लागले. कर्नेल्याच्या घरचे लोक दारात येईपर्यंत पेत्रासही आपल्या दृष्टांताचा अर्थ लागला नव्हता.

लुईपुढे नाथान उभा राहिला नाही असे मात्र म्हणता येत नाही. १२६७ साली राजाने पुन्हा क्रूस घेतला आणि ज्वांव्हिललाही बोलाविले. तीस पापे पत्करीन म्हणणारा, गावंढळांचे पाय न धुणारा तो ज्वांव्हिल. त्याने नकार दिला. तो म्हणाला, मागे मी समुद्रापलीकडे असता राजाच्या व इतरांच्या अंमलदारांनी माझ्या प्रजेस पार नागविले. आता देवाच्या मर्जीप्रमाणे वागावयाचे तर मी येथेच राहिले पाहिजे, माझ्या लोकांचे रक्षण केले पाहिजे. त्यांचे नुकसान डोळ्यांनी पाहत असता मी गेलो तर देवाचा क्रोध ओढवून घेईन. राजा तोवर इतका अशक्त झाला होता की एकदा ज्वांव्हिलने त्याला दोन्ही हातांवर उचलून नेले. तशा स्थितीत राजाला जाण्याचा सल्ला ज्यांनी दिला त्यांनी प्राणघातक पाप केले, असे ज्वांव्हिल लिहितो.

राजा गेला. १२७० च्या जुलैमध्ये ट्यूनिसजवळ सैन्य उतरले, आणि लगेच रोगाने गाठले. प्रथम मुलगा गेला, वीस वर्षांचा, पहिल्या स्वारीत मिसर देशातच जन्मलेला. २५ ऑगस्ट रोजी राखेवर निजविलेला राजा वारला. त्याने थोरल्या मुलासाठी लिहून ठेवलेला उपदेश उपलब्ध आहे. गरीब व श्रीमंत यांचा तंटा आल्यास सत्य कळेपर्यंत गरिबाची बाजू धर, असे त्यांत आहे. पाखंड्यांस देशातून हाकलून दे, असेही त्यांतच आहे. संतपद मिळून नऊ वर्षे झाली नाहीत तोच, १३०६ साली, त्याच्या नातवाने सर्व यहूद्यांस मालमत्ता हिरावून घेऊन फ्रान्समधून घालविले.

ज्वांव्हिल नव्वदीच्या पुढे जगला. राजाच्या संतपदाची चौकशी झाली तेव्हा त्याने दोन दिवस साक्ष दिली. पुढे राजा स्वप्नात आला म्हणून त्याने आपल्या वाड्यातील प्रार्थनालयात त्याच्या नावाची वेदी बांधली व तेथे नित्य उपासनेची सोय केली. दुसऱ्या स्वारीविषयीचे ते वाक्य मात्र त्याने पुस्तकातून काढले नाही.